तुला कळते ती बोली

देवा, मी परत आले. दिवा लावून तुझ्यापुढे बसले आहे. जपमाळ हातात आहे आणि तोंडातून शब्द फुटत नाही.

मला बोलायला शिकव.

तूच मला इतक्या लांब नेलेस. गुडघे धरलेल्या, वसईबाहेर फारशी न पडलेल्या बाईला तू बास्क लोकांच्या डोंगरात नेऊन उभी केलीस. तिकीट लेकीने काढले, पण बोलावणे तुझे होते. आभार, बापा. त्या हिरव्यागार उतारांसाठी आभार, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटांसाठी आभार, ते लोक ज्याला सिरिमिरी म्हणतात आणि जो आपल्या भुरभुरीसारखाच न सांगता अंगावर येतो, त्या पावसासाठी आभार.

बेआसाइन गावात तू मला मे महिन्यातल्या सणाला नेलेस. लोइनास घराण्यातल्या संत मार्टिनचा सण. चौकात चिस्तू वाजत होती. वाजवणारा एकच, डाव्या हातात तीन भोकांची बासरी आणि उजव्या हाताने ढोलक्यावर टिपरी. मग एक तरुण पुढे आला. त्याने डोक्यावरची चापेला काढली, मान लववली आणि आउरेस्कू नाचला. पाय डोक्याएवढा उंच उडे आणि जमिनीवर येताना आवाजही नसे. हा मान देण्याचा नाच आहे, तो चालू असताना कोणी बसत नाही. मीही उभी होते. हा मार्टिन कोण, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

लेकीने सांगितले आणि माझे हातपाय गार पडले. ५ फेब्रुवारी १५९७, नागासाकीची टेकडी, हुतात्म्यांचे २६ क्रूस. लहानपणापासून आम्ही ती गोष्ट ऐकली, कारण त्यातल्या एका क्रूसावर आमचा गोन्सालो गार्सिया होता, वसईत जन्मलेला, वसईच्या आईचा मुलगा. त्याच रांगेत हा मार्टिनही होता. पोप पायस नववे यांनी १८६२ साली दोघांना एकाच दिवशी संत म्हटले. गोन्सालोला जपानी येत होते, तो फ्रान्सिस्कन बंधूंचा दुभाषी होता. मार्टिनला जपानात येऊन थोडेच महिने झाले होते. म्हणजे त्या परक्या मुलखात लोक काय म्हणतात हे या बास्क माणसाला वसईच्या माणसाच्या तोंडून कळले असेल. मी पाहुणी म्हणून गेले होते देवा, आणि ते माझे सोयरे निघाले.

एवढे नाते तू जुळवून ठेवले होतेस आणि आम्हाला पत्ता नव्हता. आभार.

मग आरांत्सासू. त्या वाटेवर मी पायी चालू शकले नाही, मला क्षमा कर. गाडीतून गेले. १४६९ साली रोद्रिगो नावाच्या मेंढपाळाला तिथे काटेरी झुडपावर तुझी आई दिसली, असे तिथले लोक सांगतात. ‘काट्यात, तू?’ असे तो म्हणाला आणि त्या जागेचे नाव तेच पडले. मूर्ती दगडाची, हातभरसुद्धा नाही. तिच्याभोवती केवढे मंदिर! मनोऱ्यांचा दगडनदगड टोकदार घडवलेला, जणू सगळी भिंतच काट्यांची. आणि आत शिरल्यावर ती एवढीशी माउली, दूर, उंचावर, उजेडात.

काट्यात, तू? देवा, मी जन्मभर तुला हेच विचारत आले. आमची विहीर बुजवली आणि तिच्यावर इमारत उभी राहिली, तेव्हा विचारले. यजमान आजारी पडून उठलेच नाहीत, तेव्हा विचारले. मी ते रागाने विचारत होते. त्या मेंढपाळाने आनंदाने विचारले होते. शब्द तेच. माझा राग पदरात घे.

दारावर चौदा प्रेषित आहेत, होर्खे ओतेइसाने कोरलेले. बाराचे चौदा का, हे मी कोणाला विचारले नाही. त्यांची पोटे पोखरलेली आहेत, आतून रिकामी. चर्चच्या वरिष्ठांना ते पटले नाही, काम थांबले, आणि ते दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला पावसात पडून राहिले. १९६९ साली कुठे ते आपल्या जागी चढले. मी मान वर करून पाहत राहिले. मलाही असे पोखर, बापा. माझ्यात माझेच फार भरले आहे. आणि वाट पाहायला लाव, लागेल तितकी. फक्त रस्त्याच्या कडेला असेन तेव्हा तुझे लक्ष असू दे.

मिस्सा बास्क भाषेत होती. एक शब्द कळला नाही, तरी गुडघे कधी टेकायचे ते कळत होते. एकच शब्द ओळखीचा झाला, आगुर. ‘आगुर मारिया’ म्हणजे नमो मारिया. आणि मिस्सा संपल्यावर बाहेर म्हाताऱ्या एकमेकींना ‘आगुर’ म्हणून घरी निघाल्या. भेटतानाचा शब्द आणि निघतानाचा शब्द एकच. आपण नाही का जाताना ‘येते’ म्हणत?

जगातल्या कुठल्याच जिवंत भाषेशी नाते न सापडलेली ही भाषा, देवा. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत शाळेत ती बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झाली. आणि ती राजवट चालू असतानाच, १९६८ साली, त्याच आरांत्सासूच्या मठात तिचे जाणकार जमले आणि गावागणिक वेगळी बोलली जाणारी भाषा सगळ्यांनी मिळून लिहायची कशी, याचा पाया त्यांनी घातला. तुझ्या आईच्या पायाशी. काट्यांच्या जागी. मी पाहिले, तिथली लहान पोरे चौकात तिच्यात भांडत होती. मी बाकावर बसून त्यांचे भांडण ऐकले. आभार, आभार.

लोयोलाला फार थांबलो नाही. संत इग्नासचे ते घर, तोफगोळ्याने मोडलेला पाय घेऊन तो पडून राहिला ती वरची खोली. मी तिथे लेकीच्या गुडघ्यांसाठी नव्हे, माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना केली. तू ऐकलेच असशील.

पण संत फ्रान्सिस झेवियरच्या गढीत तू मला धरलेस.

आमच्या आळीत घरटी एक झेवियर. माझा आजा झेवियर, भाऊ झेवियर. ते नाव मी हजारदा हाकारले, जेवायला बोलावताना, शेतातून परत बोलावताना. तिथे कळले की मुळात ते बास्क आहे: एचे बेरी, नवे घर. चारशे वर्षे आम्ही आमच्या पोरांना ‘नवे घर’ म्हणून हाक मारत होतो. न कळता. तुला मात्र कळत होते.

गढीतल्या लहानशा देवळात अक्रोडाच्या लाकडाचा तुझा क्रूस आहे. मान कललेली, अंग ताणलेले, आणि ओठांवर हसू. भोवती भिंतीवर सांगाडे नाचताहेत, मृत्यूचा नाच. त्यांच्या मधोमध तू हसतोस. लहानगा फ्रान्सिस या हसण्यापुढे वाढला, १५०६ सालचे ते लेकरू. मी तिथे गुडघे टेकले आणि मला उठवेना.

प्रभो, माझ्या मनात त्याच्याबद्दल एक सल आहे, तो मी झाकून ठेवणार नाही. १५४६ साली त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून भारतात इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय मागितले. तो गेल्यावर आठ वर्षांनी ते गोव्यात आले. माणसे पोळली. पुढे १६८४ साली तर फर्मान निघाले, तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. त्याच्याच येशूसंघातल्या फादर स्टीफन्सने मराठीत ख्रिस्तपुराण रचले, हेही मी विसरत नाही. पण सल सल आहे. मी गोव्यात त्याच्या शवपेटीपुढे रांगेत उभी राहिले आहे, हात जोडले आहेत, आणि तेव्हाही तो सल होता. न्याय करणारी मी कोण? ज्यांची बोली हिसकावली गेली त्यांना तू जवळ घे. त्यालाही जवळ घे. मला दोघांसाठी एकाच वेळी प्रार्थना करायला जमू दे, मला ते अजून जमत नाही.

कारण तो स्वतः भाषेवाचून किती एकटा होता. १५४४ साली दक्षिणेच्या किनाऱ्यावरून त्याने लिहिले की इथल्या लोकांची भाषा मलबारी आणि माझी बास्क, ना त्यांचे मला कळत ना माझे त्यांना. मग १५५२चा डिसेंबर, चीनच्या किनाऱ्याजवळचे बेट, गारठा, ताप. जवळ अंतोनियो नावाचा चिनी सोबती. अखेरीला तो कुठल्याशा भाषेत बोलत राहिला, जी अंतोनियोला कळली नाही. ती त्याच्या आईची भाषा असावी, असे म्हणतात. सगळ्या दर्यांवरून फिरून आलेल्या माणसाच्या ओठांवर शेवटी घरचे शब्द आले आणि समजून घेणारा फक्त तू होतास.

देवा, तोंडातून फुटत नव्हते ते आता सांगते.

माझी आई आमची कादोडी बोलायची. दुसरे काही तिला नीट येत नव्हते. शाळेत माझ्या बोलीला मुले हसली, आणि सातव्या वर्षी मी ठरवले की आता पुस्तकातले बोलायचे. तसे बोलले. घरीही तसेच बोलले. आई तिच्या बोलीत विचारायची, मी पुस्तकातल्या मराठीत उत्तर द्यायचे. पन्नास वर्षे. ती कधी काही म्हणाली नाही. मग इस्पितळातले तिचे ते शेवटचे दिवस, नजर गेलेली, ओळख विरळ झालेली. मी उशाशी बसून म्हटले, ‘आई, पाणी हवे का?’ तिने माझ्याकडे तोंड वळवले आणि मला ‘तुम्ही’ म्हणाली. परकी बाई समजून, जपून, आर्जवाने. मला, तिच्या पोटच्या पोरीला.

मी तिच्या बोलीत एक शब्द बोलले असते तर तिने मला ओळखले असते. तो शब्द माझ्याजवळ होता. मला लाज वाटली, देवा, शेजारच्या खाटेवरचे लोक ऐकतील म्हणून.

क्षमा कर. क्षमा कर. तिला सांग की ती मीच होते.

रोज संध्याकाळी जपमाळ झाली की आम्ही उठायचो, ती मात्र बसून राहायची. मग तिची स्वतःची प्रार्थना चाले, हळू आवाजात, तिच्या बोलीत. रहाटाच्या बैलासाठी. पानवेलीसाठी, यंदा कीड नको म्हणून. ज्यांच्याशी बांधावरून भांडण झाले त्या शेजाऱ्यांच्या नातवासाठी. मुंबईला पहाटे भाजी घेऊन जाणाऱ्यांसाठी. कोणामागून कोण यायचे तो क्रम मला पाठ आहे, पण तिचे शब्द आठवत नाहीत. ते कुठे लिहिलेले नाहीत. आमच्या घरात ते जाणणारे कोणी उरले नाही.

पण तू रोज ऐकत होतास. तुझ्याकडे ते सगळे आहे, बैलाच्या नावासकट.

बापा, माझी वेळ येईल तेव्हा माझ्या ओठांवर ती बोली येऊ दे. जवळ बसलेल्याला कळली नाही तरी चालेल. तोवर तिच्यातले एक वाक्य मला परत दे, एकच, बैलासाठीचे दिलेस तरी पुरे. आज जपमाळ संपली की मी उठणार नाही. तिच्यासारखी बसून राहीन, दिवा जळेल तोवर.