निकालाआधीचा चित्रपट

नवा चित्रपट यायचा असला की तो कसा असेल यापेक्षा लोक त्याला काय म्हणतील, याचीच चर्चा अलीकडे आधी सुरू होते. दोन-अडीच मिनिटांच्या ट्रेलरवर कथा, अभिनय, दिग्दर्शन या सगळ्यांचं माप काढून होतं. समीक्षक किती तारे देतील, पहिल्या शुक्रवारी गल्ला किती जमेल, याचे आडाखे बांधले जातात. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावात हे जरा अधिक टोचतं. इथे चित्रपटाआधी त्याचा निकाल येऊन पोहोचतो आणि पुष्कळदा नुसता निकालच पोहोचतो.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’चं घ्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार या मराठी चित्रपटाला मिळाला. वडील गेल्यावर दहा दिवसांचं सुतक पाळायला मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याला तिथे पुन्हा भेटलेला बालमित्र बाळ्या, यांच्या प्रेमाची ही गोष्ट. आपल्याकडे चित्रपट लागला १९ सप्टेंबरला. मधले आठ महिने मराठी प्रेक्षकाकडे होती ती फक्त वाट पाहणं आणि दुसऱ्यांची मतं.

त्याच दिवसांत शिरड शहापूरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात एक तरुण त्याचा ट्रेलर पाहत होता. समोरचा चहा निवत चालला होता, इतकं त्याचं लक्ष लागलं होतं. पुरस्काराची पाटी झळकली आणि त्याचा अंगठा सरकला. “बक्षीस भेटलंय म्हणल्यावर आपल्याला काय कळायचं न्हाई,” तो शेजारच्याला म्हणाला. बोलण्यात हेटाळणी नव्हती. समीक्षक काय म्हणणार हे त्याने गृहीत धरलं होतं आणि स्वतःला त्यातून वगळून टाकलं होतं. शहरातला जाणकार त्याच पाटीवरून चित्रपट थोर ठरवून मोकळा होतो. मतं उलट, पण चित्रपट दोघांनीही पाहिलेला नाही.

पाहण्याआधीची तयारी आपल्या परंपरेला अनोळखी नाही. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात अभंगाचं निरूपण करतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यान कसं संपणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी कोणी उठून जात नाही. पूर्वरंग श्रोत्याचं मन लावून देतो. आख्यान रंगेल की नाही, याचा कौल तो देत नाही. अशा तयारीची गरज शास्त्रानेही ओळखली होती. नाट्यशास्त्रावरच्या ‘अभिनवभारती’ या टीकेत अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यांतलं एक असं की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असतो आणि समोरचं त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यावर उपाय म्हणून ते गाणं, वाद्यं आणि सजवलेला मंडप सांगतात. ‘साबर बोंडं’ लागला त्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने उभं सोयाबीन पाण्यात गेलं होतं. हे विघ्न इथे पुस्तकातलं नव्हतं, घरोघरचं होतं. बापाच्या मरणाने सुन्न झालेल्या मुलाची गोष्ट अशाच माणसांच्या जवळची. पण मंडपच इथवर आला नाही, तर उपाय व्हायचा कसा?

चित्रपट चालेल की नाही, याचा अंदाज वितरकाला बांधावाच लागतो; त्यावर त्याचे पैसे लागलेले असतात. अडचण पुढे येते. गावाकडे चालणार नाही म्हणून चित्रपट तिथे लावायचा नाही, आणि लावलाच नाही म्हणून तो चालत नाही. मग अंदाज खरा ठरल्याचं समाधान तेवढं उरतं. समीक्षकही प्रदर्शनाआधी हीच भाषा बोलू लागला की या चक्राला त्याचाही हात लागतो.

असा अंदाज कसा चुकतो, याचं जुनं उदाहरण म्हणजे ‘संत तुकाराम’. त्या वेळी प्रभात फिल्म कंपनीतच शंका होती. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. त्यांच्यातलं मार्दव तुकोबांना शोभेल का, असा प्रश्न होता. तरीही दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्रपटात तुकोबा म्हणून शेवटी तेच उभे राहिले. १९३६ मध्ये आलेला हा चित्रपट मुंबईत ५७ आठवडे चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये गौरवला गेला. ज्या मार्दवाची धास्ती वाटत होती, त्यातच लोकांना तुकोबा दिसले. अंदाज बांधणारे अडाणी नव्हते. कलाकृतीतली नवी गोष्ट जुन्या मापांत मावत नाही, म्हणून ती आधी उणीवच वाटते.

म्हणून समीक्षकाकडे माझी मागणी साधी आहे. चित्रपट येण्याआधी त्याने पूर्वरंग मांडावा: दिग्दर्शक कुठून आला, गोष्ट कोणत्या मातीतली आहे, कशाकडे नीट पाहावं. निकाल पाहून झाल्यावर द्यावा, आणि तो देताना आपल्या शहराचं मत म्हणजे महाराष्ट्राचं मत, असं धरून चालू नये. आणि वितरकांनी असे चित्रपट महिन्याभराने का होईना, वसमत, हिंगोली, परभणीच्या पडद्यांवर आणावेत. ‘आपल्याला कळायचं न्हाई’ म्हणणाऱ्याला तो चित्रपट खरंच कळला नाही, असं पाहिल्यावर ठरलं, तर ते मतही मोलाचं आहे. पण ते त्याचं स्वतःचं असलं पाहिजे. तोवर त्या चित्रपटाचं मराठीत स्वागत कसं झालं, हे सांगायचा अधिकार कोणालाच आलेला नाही.