उणीव आणि अपराध

मनुष्याच्या ठिकाणीं उणीव दिसली कीं तिच्यावरून त्याचा अपराध ठरविणें कितपत न्याय्य आहे ? हा प्रश्न आमच्यापुढें कोणत्या ग्रंथानें नव्हे, तर आमच्याच एका विद्यार्थ्यानें उभा केला. तो अभ्यासांत मागें पडे, जिना चढतां धापा टाकी. आम्ही त्यास आळशी ठरवून भरवर्गांत बोललों. पुढें कळलें कीं, त्याची प्लीहा, म्हणजे आपल्याकडील पानथरी, वाढली असून रक्तांतील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व बिंबिका या तिन्हींची संख्या घटली होती.

या विकाराची घडण मननीय आहे. रक्तपेशी अस्थिमज्जेंत निपजतात. म्हणून गणना कमी भरली कीं संशय प्रथम मज्जेवर जातो. परंतु येथें मज्जा बहुधा नेहमींपेक्षां अधिकच राबत असते. निरोगी प्रौढाची प्लीहा सुमारें १५० ग्रॅम वजनाची. जीर्ण तांबड्या पेशी निवडून काढणें हें तिचें काम, आणि बिंबिकांचा सुमारें एकतृतीयांश भाग ती स्वतःजवळ राखून ठेवते. ती फार वाढली कीं हा वांटा ९० टक्क्यांपर्यंत जाऊं शकतो, आणि चांगल्या पेशीही तिच्यांत अडकून अकालीं नाश पावतात.

मग अपराधी प्लीहाच ना ? तसेंही म्हणवत नाहीं. पुष्कळदां यकृत कठीण झाल्यामुळें त्याकडे येणारें रक्त तुंबतें व त्या दाबानें प्लीहा फुगते. कोठें मूळ हिंवतापांत वा काळ्या आजारांत असतें. बरें, ती कापून काढावी, तर गणना बहुधा सुधारते; परंतु प्लीहा काढलेल्या अर्भकांस भयंकर जंतुसंसर्ग झाल्याचें किंग व शूमॅकर यांनीं १९५२ सालीं नमूद केलें. म्हणून आज शक्य तेथें शस्त्रक्रियेपूर्वीं लस टोंचतात.

कोणी म्हणेल, अशीं कारणांमागें कारणें शोधीत गेल्यास जबाबदारी कोणावरच उरणार नाहीं. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. प्लीहेस विचार करून थांबतां येत नाहीं, आम्हांस येतें. त्या मुलास बोलण्यापूर्वीं, "तुला बरें वाटत नाहीं काय ?" एवढें विचारणें आमच्या स्वाधीन होतें. आळशी विद्यार्थीही असतात, हें आम्ही जाणतों. परंतु उणीव पाहून चौकशीस आरंभ व्हावा, निकाल देऊं नये. आम्हीं पुढें त्याची क्षमा मागितली. त्यानें ती हंसून दिलीही. पण ज्या वर्गापुढें आम्ही बोललों होतों, तो तोंवर पांगला होता.