वाटेत थांबलेला याईर
शास्त्रपाठ : मार्क ५ : २१–४३



पोटाची मोठी शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी येतो, टाके अजून ओले असतात, आणि एके संध्याकाळी एकाएकी ताप चढतो. मजवर असा प्रसंग आला. वरूडाहून अमरावती मोर्शीच्या वाटेने सुमारे ९० किलोमीटर. गाडीच्या प्रत्येक हिसक्यासरशी जखमेत कळ उठे. शहरातील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नाव लिहिले व बाकावर बसलो. मध्यरात्र झाली तरी हाक आली नाही. इतक्यात शेतात साप चावलेल्या एका मजुरास आणले, आणि त्यास थेट आत नेले. मजमागून आलेला मजपुढे गेला. त्या वेळी माझ्या मनात दया उपजली नाही, क्रोध उपजला; हे मी लाजेने कबूल करतो.

मग मला याईर आठवला. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणास टेकली होती. प्रभू त्याच्याबरोबर निघालाही होता. परंतु बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री मागून आली, आणि प्रभू वाटेतच थांबला. ती बोलत असता याईराच्या जिवाची काय तगमग झाली असेल! आणि तेवढ्यात घरून निरोप आला की, मुलगी गेली.

बंधूंनो, थांबणे सोपे आहे असे शास्त्र कोठेही सांगत नाही. परंतु प्रभू कोठे होता ते पाहा. तो याईरास टाकून गेला नव्हता. त्याच वाटेवर, त्याच्याच शेजारी उभा होता. निरोप ऐकताच त्याने त्यास धीर दिला व त्याच्यासह घरापर्यंत चालत गेला. एकावर दया झाली म्हणून दुसऱ्याचा वाटा उणा झाला नाही.

नेपोलियनच्या सैन्यात दोमिनिक लारे (१७६६–१८४२) नावाचा शल्यवैद्य होता. जखमींमध्ये कोण सरदार व कोण शिपाई हे न पाहता, ज्याची जखम अधिक गंभीर त्यास आधी हात लावावा, अशी रीत त्याने घातली. आज रुग्णालयांत हीच रीत चालते. विष अंगात भिनत असता श्वास बंद पडण्यास वेळ लागत नाही. म्हणून तो मजूर माझी पाळी हिरावून घेणारा नव्हता. माझा शेजारी होता.

तथापि धीर धरणे म्हणजे मुकाट बसणे नव्हे. त्या स्त्रीने गर्दीतून हात पुढे केला, व विचारताच सर्व खरे सांगितले. तद्वत शस्त्रक्रिया झालेल्याने दारातच सांगावे : शस्त्रक्रिया कोणती, किती दिवस झाले, ताप केव्हापासून. जखमेतून रक्त किंवा पू येऊ लागला, दम लागला, अथवा पोटरी सुजली, तर पाळीची वाट न पाहता पुन्हा सांगावे. रुग्णालयाचे कागद जवळ बाळगावे. आणि जेथे विलंब माणसांच्या हयगयीने होतो, तेथे त्याचा दोष देवाच्या इच्छेवर घालू नये. नम्रपणे पण स्पष्ट बोलावे.

त्या मजुराची बायको माझ्याच बाकावर येऊन बसली. सकाळपासून तिच्या पोटात अन्न नव्हते. माझ्या कुटुंबाने फडक्यातली भाकरी सोडून अर्धी तिच्या हाती दिली. मला उपदेश करता आला नसता तो त्या अर्ध्या भाकरीने केला. पहाटे मला आत बोलावले. जखमेत पू झाला होता, तो काढला. बाहेर आलो तेव्हा ती बाई हसत होती, आणि तिचा धनी जगला हे न विचारताच कळले.

मुलगी उठल्यावर प्रभूने काय आज्ञा केली? तिला खावयास द्या. मंडळीतील कोणी रुग्णालयात असेल, तर केवळ प्रार्थना पाठवू नका. एकाने रात्री सोबतीस जावे, आणि भाकरी दोघांपुरती न्यावी.

हे प्रभू, बाकावर बसलेल्यांच्या शेजारी तू बस, आणि आमच्या मागून येऊन पुढे गेलेल्यांसाठी प्रार्थना करण्यास आम्हांस शिकव. आमेन.