चंद्रावर बिर्याणी शिजेल का?

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा आमच्या शाळेत टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. यंत्रमागांच्या गावातली आमची उर्दू माध्यमाची शाळा. एका वर्गात टीव्ही आणून ठेवला होता. बाकांवर, खिडकीत, दारात मुलेच मुले. पुढच्या आठवड्यात मी सातवीला ‘चाँद का सफ़र’ हा विषय मज़मून लिहायला दिला. पस्तीस वह्या आल्या. चौतीस वह्यांत जवळजवळ एकच मजकूर होता : देशाचा अभिमान, शास्त्रज्ञांची मेहनत आणि शेवटी, आपणही मेहनत केली पाहिजे. पस्तिसाव्या वहीत बिर्याणी होती.

मोहल्ल्यातला एक बावर्ची देग घेऊन चंद्रावर जातो. तिथे वजन कमी, म्हणून झाकण उघडताच भात उडू लागतो. मदतनीस मच्छरदाण्या घेऊन शिते पकडत धावतात. गोश्तचा एक तुकडा पृथ्वीकडे निघतो आणि थेट शाळेच्या पटांगणात पडतो. चौकशीसाठी हेडमास्तर साहेब रॉकेटने चंद्रावर पोचतात. ते रागाने ओरडतात, पण तिथे हवाच नाही. नुसते ओठ हलतात. मुलांना वाटते, साहेबांनी सुट्टी जाहीर केली. सगळे घरी जातात.

आज मी हे हसत लिहितो आहे. त्या दिवशी हसलो नव्हतो. वर्गात खसखस पिकली होती आणि हेडमास्तर साहेब दोन खोल्या पलीकडे बसले होते. मी ती दोन पाने फाडली. म्हणालो, ‘अभ्यासाच्या वहीत हा फाजीलपणा चालणार नाही.’ मुलगा रडला नाही, रुसलाही नाही. एवढेच म्हणाला, ‘जाने दो सर, झूट ही तो था.’

हा ‘झूट’ शब्द माझ्या मनात अडकून बसला. मुलांसाठी लिहिलेल्या विनोदी, वेडगळ विज्ञानकथांविषयी आपण मोठी माणसे जे आक्षेप घेतो, त्यातला पहिला आक्षेप त्या मुलाने स्वतःवरच घेऊन टाकला होता. हा आक्षेप त्याला कोणी शिकवला? आम्हीच ना?

आपल्या घरांत गोष्टीकडे दोन नजरांनी पाहिले जाते. एकीकडे दास्तानींचा वारसा. अमीर हमज़ाच्या दास्तानीतल्या अम्र अय्यारची ज़ंबील आठवा. त्या झोळीत काय मावत नाही? शहरे मावतात, फौजा मावतात. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड छापले आणि लोकांनी ते हौसेने वाचले. दुसरीकडे सुधारणेचा काळ. डेप्युटी नज़ीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ १८६९ मध्ये आली, सरकारने तिला बक्षीस दिले, आणि चांगली गोष्ट म्हणजे जिच्यातून नसीहत मिळते ती, हे समीकरण घट्ट झाले. त्या सुधारणेने मुलींना वाचायला लावले, हे ऋण मोठेच. पण मुलांच्या हातातल्या पुस्तकातून ज़ंबील हळूहळू गेली आणि नसीहत उरली. मराठी शाळेतल्या ‘तात्पर्या’ची कहाणी याहून फार वेगळी नसावी.

पण खोटे आणि गोष्ट यांत फरक आहे. खोटे बोलणाऱ्याला वाटते, समोरच्याने विश्वास ठेवावा. मच्छरदाणीने भात पकडणाऱ्या बावर्चीची गोष्ट सांगणाऱ्याला वाटते, समोरच्याने विश्वास ठेवू नये आणि तरीही ऐकावे. गोष्ट जितकी वेडगळ, तितकी ती या बाबतीत प्रामाणिक असते. ती कोणाला फसवत नाही. उलट आपल्याकडे रोज फिरणाऱ्या गंभीर चेहऱ्याच्या अफवा आणि चमत्कारी औषधांच्या जाहिराती आपल्याला फसवतात, कारण त्या हसत नाहीत.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या शिक्षकांचा. ते म्हणतात, गोष्ट असू दे, पण विज्ञान तरी बरोबर हवे. चुकीचे विज्ञान मुलांच्या डोक्यात बसले तर काढायचे कोणी? हा आक्षेप मलाही पटत असे. मग पाने फाडल्यानंतर दोनच दिवसांनी मी आवाजाचा धडा घेत होतो. आवाजाला माध्यम लागते, पोकळीतून तो जात नाही, असे फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘सर, तो फिर उस बिर्यानी की ख़ुशबू कैसे आएगी?’

वर्ग हसला, पण त्या हसण्यातून प्रश्न निघत गेले. हवा नाही तर वास नाकापर्यंत येणार कसा? दुसरा म्हणाला, वास सोडा, चूल तरी पेटेल का? लाकडाला जळायला ऑक्सिजन लागतो. तिसऱ्याने भाताचा मुद्दा काढला : चंद्रावर गुरुत्वाकर्षण आहे, पृथ्वीच्या एक षष्ठांश का असेना, मग भात उडून जाणार नाही. उंच जाईल आणि सावकाश खाली येईल. मी सांगितले की हवेचा दाब नसेल तर देगेतले पाणी शेगडीशिवायच उकळून उडून जाईल आणि तांदूळ कच्चाच राहील. ‘मतलब पानी उबलेगा मगर चावल नहीं पकेगा?’ मुले थक्क झाली. अर्धा तास गेला. त्या दिवशी जे विज्ञान वर्गात उतरले, ते माझ्या चौतीस आदर्श वह्यांतून उतरले नव्हते.

तेव्हा एक साधी गोष्ट कळली. वेडगळ विज्ञानकथेवर हसण्यासाठी नियम माहीत असावा लागतो. ज्याला वस्तू खाली पडते हे ठाऊक नाही, त्याला उडणाऱ्या भाताचे हसू येणार नाही. हसणे म्हणजे ‘असे होत नाही’ हे ओळखणे. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : ‘पण का होत नाही?’ आणि विज्ञान सुरू होते.

सत्यजित राय यांना हे उत्तम ठाऊक होते. १९६१ मध्ये ‘संदेश’ या बंगाली बालमासिकात त्यांनी प्रोफेसर शंकूची पहिली गोष्ट लिहिली. शंकू गिरिडीहला राहणारा शास्त्रज्ञ. त्याच्या मांजराचे नाव न्यूटन. त्याच्याजवळ एक तपकिरीचे शस्त्र आहे, ते ज्याच्यावर झाडावे तो शिंकतच सुटतो. त्याचे पहिले रॉकेट मंगळावर जात नाही, शेजाऱ्याच्या मुळ्याच्या शेतात पडते आणि शेजारी नुकसानभरपाई मागतो. मला हे मुळ्याचे शेत फार मोलाचे वाटते. पाठ्यपुस्तकातला शास्त्रज्ञ कधी चुकत नाही. शंकू चुकतो आणि त्याच्या चुकीची किंमत शेजारी मोजतो. प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे कोणाचे तरी शेत असते, हे विज्ञानातले नीतिशास्त्र एका मुळ्याच्या शेताने सांगून टाकले, तेही हसवत.

तिसरा आक्षेप आदबीचा. अशा पुस्तकांत मोठ्यांची टर उडवलेली असते. हे खरे आहे. डोरेमॉनचेच बघा. फुजिको एफ. फुजिओ यांच्या या जपानी चित्रकथा १९७० च्या सुमारास सुरू झाल्या आणि २००५ पासून आपल्या मुलांनी त्या टीव्हीवर पाहिल्या. बावीसाव्या शतकातून आलेले यंत्रमांजर, त्याचे कान उंदराने कुरतडलेले, म्हणून ते उंदरालाच घाबरते. त्याच्या पोटावरच्या खिशात सारे काही मावते. अम्र अय्यारची ज़ंबीलच ती. २०१६ मध्ये पाकिस्तानच्या पंजाब विधानसभेत या मालिकेवर बंदी घालण्याचा ठराव मांडला गेला. मुले बिघडतील ही भीती आपल्याकडच्या अम्मी-अब्बांच्याही तोंडी असते. पण त्या गोष्टी नीट पाहिल्या तर प्रत्येक वेळी नोबिता खिशातल्या यंत्राने काम टाळायला जातो आणि तेच यंत्र त्याच्यावर उलटते. नसीहत तिथेही आहे. ती फक्त बेत घेऊन उभी नाही.

आणि मोठ्यांची टर उडवणे म्हणाल, तर तो मान एका मुस्लिम शिक्षिकेकडे जातो. रुकैया सखावत हुसैन यांनी १९०५ मध्ये मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ‘सुलतानाज् ड्रीम’ लिहिले. ती मुलांची गोष्ट नव्हे, पण आठवीतल्या मुलीही ती ऐकून खुदकन हसतात. त्या देशात बायका विद्यापीठे चालवतात, नळाने ढगांतून पाणी ओढून घेतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, हवेतून फिरतात आणि पुरुष मर्दान्यात कोंडलेले असतात. पुढे १९११ मध्ये याच बाईंनी कोलकात्यात मुलींची शाळा उभी केली. पडद्यावर शंभर निबंधांनी जे साधले नसते, ते जनाना उलटा करून मर्दाना दाखवणाऱ्या त्या एका विनोदाने साधले. उलटे करून पाहिल्याशिवाय सुलटे काय आहे ते दिसत नाही. मुलेही हेच करतात. हेडमास्तरांचे ओठ हलतात आणि आवाज येत नाही, याचा अर्थ अनादर असेलच असे नाही. कदाचित त्या मुलाला एवढेच सांगायचे असेल की साहेब बोलतात ते आमच्यापर्यंत पोचत नाही.

पण सगळे हसणे निर्मळ असते असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या डेव्ह पिल्की या बाललेखकाने २०१० मध्ये भविष्यातून आलेल्या दोन गुहावासी मुलांची एक विनोदी चित्रकथा केली. तिच्यात आशियाई माणसांचे ठोकळेबाज चित्रण होते. आक्षेप आल्यावर २०२१ मध्ये प्रकाशकाने ते पुस्तक मागे घेतले आणि पिल्कींनी जाहीर माफी मागितली. ‘गंमत होती हो’ असे म्हणून त्यांनी वेळ मारून नेली नाही. हे आपल्याला सहज समजावे, कारण दाढी, टोपी आणि ‘अरे मियाँ’ एवढ्यावर हशा पिकवणारे सिनेमे पाहतच आपण मोठे झालो. वर्गात त्या हशाच्या वेळी कुठे पाहावे हे न कळलेले मूल मी स्वतः होतो. म्हणून माझी कसोटी साधी आहे. हसणे ज्याच्या हातात छडी आहे त्याच्याकडे बोट दाखवते आहे की ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याकडे? पहिले हसणे मुलाला मोठे करते, दुसरे लहान.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि तो एका बापाने माझ्यासमोर ठेवला. रात्रपाळी करून आलेला, कानांत अजून मागांची खडखड असलेला. वर्गातल्या पेटीत मी ठेवलेली अशी पुस्तके पाहून म्हणाला, ‘सर, हमारे बच्चों के पास टाइम किधर है? काम का कुछ पढ़ाओ.’ यावर माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. ज्या घरात मुलगा दहावीनंतर शिकेल की मागावर उभा राहील हे ठरलेले नाही, तिथे वेडगळ पुस्तकाची शिफारस करणे ही पगारदार मास्तराची चैन तर नव्हे?

खूप विचार केल्यावर वाटते, नाही. ज्या मुलाला फक्त कामाचेच पुस्तक दिले जाते, त्याला न बोलता एक धडा मिळतो : तूही कामाचा असशील तरच मोलाचा आहेस. श्रीमंताच्या मुलाला हा धडा कोणी देत नाही. त्याच्या कपाटात उपयोगाची पुस्तके असतात आणि निरुपयोगीही. गरिबाच्या मुलाला निव्वळ हसण्यासाठी एक पुस्तक देणे म्हणजे, तू बिनकामाचा बसलेला असतानाही मोलाचा आहेस, असे त्याला सांगणे. शिवाय जे मूल हसत वाचते ते वाचत राहते, हे कोणताही शिक्षक सांगेल. पण मी त्या फायद्याचा आधार घेणार नाही. फायदा दाखवला की पुन्हा आपण त्याच तराजूत येतो.

वर ज्या पिल्कींचा उल्लेख केला, ते ‘कॅप्टन अंडरपँट्स’ या मालिकेचे जनक. चड्डी आणि झगा घालून फिरणारा मुख्याध्यापक, बोलणारे संडास, परग्रहावरून आलेल्या भोजनगृहातल्या बाया! अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदींत २०१२ आणि २०१३ मध्ये सर्वाधिक हरकती याच पुस्तकांवर होत्या, आणि त्यांच्या कोट्यवधी प्रती मुलांनी वाचल्या आहेत. पिल्की लहानपणी वर्गात स्थिर बसत नसत. अक्षरे वाचण्याचीही अडचण होती. शिक्षिका त्यांना इतक्यांदा बाहेर काढत की व्हरांड्यातच त्यांचे एक बाक झाले. त्या बाकावर त्यांनी ही पात्रे काढली. पिल्की सांगतात, शिक्षिकेने ती चित्रकथा फाडली आणि बजावले की आयुष्य जरा गंभीरपणे घे, जन्मभर असली वेडगळ पुस्तके करत बसता येणार नाही.

हे वाचले तेव्हा माझ्या हातातून कागद फाटल्याचा आवाज मला पुन्हा ऐकू आला. दुसऱ्या दिवशी वर्गात, सगळ्यांसमोर मी त्या मुलाला म्हणालो, ‘माझी चूक झाली. ती गोष्ट पुन्हा लिहून दे.’ त्याने मान हलवली. आठवड्याने वही आली. सुंदर अक्षरात, समास सोडून, दोन पाने. विषय : ‘वक़्त की पाबंदी’. एकही चूक नव्हती. मी खाली सही केली, कारण दुसरे काय करणार?

तो आता माझ्या वर्गात नाही. पेटी आहे. तिच्यात कृश्न चंदरांचे ‘उल्टा दरख़्त’ आहे. त्यातले झाड वर वाढत नाही, जमिनीत खाली वाढते आणि मुलगा त्यावर चढत नाही, उतरतो. मुले ते चढाओढीने नेतात. दरवर्षी सातवीला मी विचारतो, चंद्रावर बिर्याणी शिजेल का? वर्ग हसतो, मग भांडतो. गोष्ट कोणाची हे मी सांगतो. ती कोणी फाडली हेही सांगतो.