पिकलेली दाढी आणि काळा कलप

पन्नाशी ओलांडली की आपल्या धर्मापुरीत पुरुषाचा पेहराव बदलू लागतो. कुणी पॅंट-शर्ट सोडून पांढरा कुर्ता-पायजमा आणि टोपी स्वीकारतो. कुणी दर पंधरवड्याला दाढी काळीभोर करून घेतो.

हिजरी 8 मध्ये मक्का-विजयाच्या वेळी माननीय अबू बकर (रजि.) यांचे वृद्ध पिता अबू कुहाफा यांना प्रेषितांच्या (स.) सेवेत आणले गेले. त्यांचे केस व दाढी पांढरीशुभ्र झाली होती. प्रेषितांनी (स.) तो रंग बदलण्यास सांगितले, मात्र काळा रंग टाळण्याची सूचना केली. ही हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. स्वतः अबू बकर (रजि.) मेंदी लावीत. तेव्हा उतारवयात नीटनेटके राहण्यास मनाई कुठे आहे? "आता आपल्याला कोण बघणार?" असे म्हणून मळक्या सदऱ्यानेच मशिदीत येणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे.

काळ्या कलपाबाबत धर्मपंडितांत मतभेद आहेत. कुणी तो निषिद्ध मानतात, कुणी मकरूह, तर काहींनी मुभाही दिली आहे. परंतु निकाहचा पैगाम घेऊन जाणारा प्रौढ पुरुष वय लपविण्यासाठी कलप लावतो, तेव्हा प्रश्न रंगाचा उरत नाही. ती उघड फसवणूक आहे आणि तिचा भार त्या स्त्रीला आयुष्यभर वाहावा लागतो. मुलीच्या वलींनी वय स्पष्ट विचारावे, त्यात संकोच कसला? आणि मध्यस्थांनी तर ते न विचारताच सांगावे.