पूतनेला दारात अडवायचं कुणी?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गोकुळाष्टमी जवळ आली. घरोघरी पाळणा सजेल, काल्याची तयारी सुरू होईल. पूतनेची कथा आपण दरवर्षी ऐकतो, हात जोडतो आणि पुढे जातो. यंदा तिथंच थोडं थांबू या.

पूतना राक्षसीच्या रूपात गोकुळात आली नाही. सुंदर रूप घेऊन, केसांत फुलं माळून, हसत हसत ती नंदाच्या घरात शिरली. यशोदा आणि रोहिणी दोघीही तिथेच होत्या, पण तिच्या रूपाने इतक्या दिपल्या की कुणी तिला अडवलंच नाही. आईच्या डोळ्यांदेखत बाळ परक्या मांडीवर गेलं. तो कृष्ण होता म्हणून वाचला. आपली लेकरं कृष्णाची आहेत, पण ती कृष्ण नाहीत.

आजची पूतना दारातून येत नाही, मोबाइलमधून येते. खेळता खेळता मैत्री करते, "तू किती हुशार आहेस" म्हणते. मग "आईला सांगू नकोस हं" म्हणते. मग फोटो मागते. आणि एकदा फोटो गेला की धमकी सुरू होते.

हे ऐकीव नाही. काही दिवसांपूर्वी गुरुवारच्या आरतीनंतर एक ताई मागे थांबल्या. लेकीने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. गाव, वय, शाळा काहीच सांगत नाही. कायद्याने आणि मायेनेही ते झाकलेलंच राहिलं पाहिजे. घरच्यांनी काय केलं? मोबाइल काढून घेतला, पोरीला दोष दिला आणि ठरवलं, "कुठं बोलायचं नाही, उद्या तिचं लग्न व्हायचंय." खरं सांगतो, आमच्यातल्या काही ज्येष्ठांच्याही तोंडी आधी हेच आलं. महाराजांपुढे विषय गेला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "चोर कोण आणि तोंड लपवतंय कोण?" आम्ही खाली मान घातली.

दुसऱ्या दिवशी ताईंबरोबर आमच्यातले दोघं पोलिसांत गेले. पहिल्या ठिकाणी सांगितलं, "नंबर ब्लॉक करा, विषय संपवा." मग जिल्ह्याच्या गावी दोन खेपा झाल्या. शेवटी तक्रार नोंदली गेली. महिला अधिकारी साध्या कपड्यांत घरी आल्या, पोरीशी शांतपणे बोलल्या. त्या रात्री ती पोटभर जेवली. तपास अजून चालू आहे.

तेव्हा आम्हाला कळलं की कायदा आपल्याकडे आहे, तो दारापर्यंत पोचत नाही. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, मुलगा असो की मुलगी. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अंगावर वर्दी नसावी, मुलाचं नाव बाहेर येऊ नये, हे सगळं त्यात लिहिलंय. आणि असा गुन्हा झाल्याचं कळूनही न कळवणं हाही गुन्हाच आहे. म्हणजे आपण ज्याला घराण्याची अब्रू म्हणतो, ते गप्प बसणं कायद्यालाही मान्य नाही.

*आता आपल्या ग्रुपांविषयी.* "या नराधमाला ओळखा, सगळीकडे पाठवा" म्हणून मुलांवरच्या अत्याचाराचे व्हिडिओ फिरतात. हेतू चांगला असेल, पण प्रत्येक फॉरवर्डबरोबर त्या लेकराची पुन्हा विटंबना होते. शिवाय असं साहित्य पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते बघणं आणि जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. असं काही आलं तर पुढे पाठवू नका, थेट पोलिसांना कळवा.

काही जण म्हणतील, नामस्मरण करावं, सरकारी कामात आपण कशाला पडावं? पूतना मेल्यावर गोपींनी काय केलं ते आठवा. बाळावरून गाईचं शेपूट फिरवलं, अंगाअंगाला देवाचं नाव घेऊन रक्षा केली. "देव बघून घेईल" म्हणून हात बांधून कुणी बसलं नाही. नामही घेतलं आणि हातही चालवले. आपली रक्षा म्हणजे हे निवेदन:

१) मुलांच्या ऑनलाइन तक्रारी घेणारा प्रशिक्षित अधिकारी तालुक्याच्या ठाण्यातही असावा. माणसाला जिल्ह्याच्या खेपा पडू नयेत.
२) प्रत्येक शाळेत समुपदेशक असावा, आणि तो मूल घरी जी भाषा बोलतं त्या भाषेत बोलणारा असावा.
३) २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची खात्रीशीर संमती घ्यायची आहे, मुलांच्या मागावर राहून जाहिराती दाखवायला बंदी आहे. आज मात्र जन्मसाल खोटं टाकलं की मूल आत जातं. ही कलमं कागदावर राहू नयेत.

निवेदनाचा मसुदा काल्याच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर ठेवू. बेळगाव असो, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा की हैदराबाद, राज्य वेगळं असलं तरी हे कायदे एकच आहेत. सह्या करून ते जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि आपापल्या आमदार-खासदारांना द्यायचं आहे. एकदा देऊन थांबायचं नाही, महिन्याने जाऊन विचारायचं.

*नंबर घरात लिहून ठेवा:* मुलांसाठी १०९८, तातडीला ११२, सायबर फसवणुकीसाठी १९३०. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही करता येते. चॅट आणि फोटो घाईने पुसू नका, तोच पुरावा असतो.

आणि आजी-आजोबांनो, आज रात्री नातवंडाला जवळ घेऊन एवढंच सांगा: "काहीही झालं तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही." ती ताईंची लेक दोन दिवस याच एका वाक्याची वाट बघत होती.

सद्गुरुचरणी प्रार्थना, आपल्या घरातली कुठलीच यशोदा दिपून उभी राहू नये.

॥ जय गुरुदेव ॥ 🙏