वाटाघाटींची किंमत कोणी मोजली?

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाकडे बोट दाखवून आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, की चर्चेने काही होत नाही, शेवटी बळच लागते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या परिसराचा इतिहास या म्हणण्याला अर्धाच दुजोरा देतो.

29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत आणि हैदराबादचा निझाम यांच्यात वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला. त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांची तजवीज होती. गावकऱ्याच्या जिवाची हमी नव्हती. मिळालेल्या मुदतीत निझाम सरकारने शस्त्रे जमवली, निझामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार माजले. तिकडे सोलापूर-बार्शीच्या बाजूला सरहद्दीवर मुक्तिसैनिकांचे कॅम्प उभे राहिले. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ यांना निझामाने जानेवारी 1948 मध्ये पुन्हा तुरुंगात टाकले. ज्यांच्या भवितव्याची बोलणी चालली होती, त्यांचा माणूस बोलणीत नव्हताच. अशा चर्चेला वाटाघाटी म्हणायचे की नुसती सवड?

ऑगस्टमध्ये निझामाने सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. पॅरिसला परिषद बसली 16 सप्टेंबरला. त्याच्या तीन दिवस आधीच भारतीय फौजेने संस्थानात शिरून नळदुर्ग घेतले होते. 17 तारखेला निझामाने हार मानली. रझाकारांच्या दहशतीतून गावे सुटली, ती या फौजेमुळेच. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण फौज पुढे सरकल्यावर गावागावांत सूड सुरू झाला. रझाकारांशी संबंध नसलेले मुसलमानही त्यात मारले गेले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. निझाम मात्र 1950 मध्ये राजप्रमुख झाला. पराभूत राजाशी सन्मानाने तडजोड होऊ शकली, तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत समेट घडवायला कोणी का बसले नाही?

म्हणून चर्चा की बळ, एवढ्यावर हा वाद मिटत नाही. चर्चा लांबते तेव्हा गावाचे रक्षण कोण करणार आणि फौज जिंकल्यावर सूड कोण रोखणार, याची सोय आधी व्हायला हवी. 1948 मध्ये ती दोन्ही वेळा झाली नाही. मुक्तिदिनाच्या भाषणात रझाकारांनी मारलेल्यांसोबत सप्टेंबरनंतर मारल्या गेलेल्यांचाही उल्लेख व्हावा. ते हिशेबही याच मुक्तीचे आहेत.